निकालावर शाळांना पैसे द्यावेत का? (टेक्सासच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या निमित्ताने)

रानजाई
डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या भागात सध्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बजेटवरून जोरात चर्चा चालू आहे. आमच्या मराठी ग्रुपवर त्यात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतोय: ज्या डिस्ट्रिक्टचे निकाल चांगले, त्यांना राज्याने जास्त पैसे द्यावेत, म्हणजे बाकीचे आपोआप सुधारतील. शिकून, परीक्षा देऊन इथवर आलेल्या माणसांना हे पटकन पटतं. मला अजिबात पटत नाही. ग्रुपवर दोन ओळींत ते सांगता येत नाही, म्हणून इथे धागा काढतेय.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. इथला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एखादं गाव किंवा शहराचा एखादा भाग, तिथल्या शाळा, त्यांच्यासाठी निवडून आलेलं स्कूल बोर्ड, स्वतःचा मालमत्ता कर आणि बोर्डाने नेमलेला सुपरिंटेंडंट असा हा कारभार. टेक्सासात असे हजारावर डिस्ट्रिक्ट आहेत. राज्य दर विद्यार्थ्यामागे एक मूळ रक्कम धरतं, तिला बेसिक अलॉटमेंट म्हणतात. २०१९ मध्ये ती ६,१६० डॉलर झाली आणि पुढची सहा वर्षं तिथेच राहिली. या काळात महागाई किती वाढली ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. २०२५ मध्ये वाढ झाली ती ५५ डॉलरची. शिवाय हे पैसे पटावर नाही, सरासरी हजेरीवर मिळतात. ज्या भागातली मुलं आजारपणामुळे, घर बदलल्यामुळे, धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून गैरहजर राहतात, त्या भागाचे पैसे तिथेच कमी होतात.

आता निकालावरचे पैसे. तेही इथे आहेतच. २०१९ च्या ‘हाऊस बिल ३’ या कायद्याने ‘आउटकम्स बोनस’ आणला. बारावी झालेला विद्यार्थी कॉलेज, करिअर किंवा सैन्यदलासाठी तयार आहे असं ठरलं (सगळे याला सीसीएमआर म्हणतात), की डिस्ट्रिक्टला त्याच्यामागे पैसे. मूळ कायद्यात गरीब घरातल्या विद्यार्थ्यामागे ५,००० डॉलर, इतरांमागे ३,०००, आणि विशेष शिक्षण घेणाऱ्यांसाठी वर २,००० अशी रचना होती. एक किमान रेषा ठरवलेली: गरीब विद्यार्थ्यांमध्ये ११ टक्के, इतरांमध्ये २४ टक्के. त्या रेषेच्या वर जेवढे, तेवढ्यांचे पैसे. गरीब मुलांमागे रक्कम जास्त आहे ही चांगली गोष्ट आहे, ती मान्य करूनच पुढे बोलते.

उदाहरण म्हणून आकडे धरू. एका डिस्ट्रिक्टमधून १०० गरीब विद्यार्थी बारावी झाले, त्यातले ३० ‘तयार’ ठरले. ३० वजा ११, म्हणजे १९ जणांचे मिळून ९५,००० डॉलर. आमच्यासारख्या सुखवस्तू भागातून १,००० इतर विद्यार्थी बाहेर पडले आणि ७०० तयार ठरले, तर ४६० जणांचे १३ लाख ८० हजार. मुलं दहापट आहेत म्हणाल तर दर डोई करून बघा: तिकडे ९५० आणि इकडे १,३८०. गरीब मुलाचा दर जास्त ठेवूनही जास्त पैसा आमच्याकडेच आला.

आणि तो येतो कधी? कॉलेजसाठी ‘तयार’ ठरण्यासाठी एसएटीमध्ये (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) गणितात ५३०, वाचन-लेखनात ४८० किंवा तशाच दुसऱ्या परीक्षेत उत्तीर्ण, आणि शिवाय कॉलेजात प्रत्यक्ष प्रवेश वगैरे. म्हणजे मुलगी शाळा सोडून गेल्यावर. ज्या शाळेला आज नववीला बीजगणित शिकवायला माणूस मिळत नाही, तिला तो माणूस ठेवायला पैसा आज लागतो. निकाल आणा मग पैसे देऊ, हे तिला सांगून काय उपयोग?

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेला पैसा निकालाच्या आधी लागतो, आणि जिथे मुलं मागे आहेत तिथे जास्त लागतो. आमच्या मुलांच्या एसएटीच्या मार्कांत शाळेचा वाटा किती आणि शनिवारच्या गणिताच्या क्लासचा, रात्री शेजारी बसून अभ्यास घेणाऱ्या आईबापांचा किती, हे कुणी मोजलंय? त्या मार्कांचं बक्षीस पुन्हा आमच्याच डिस्ट्रिक्टला द्यायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

नदीष्ट
रानजाई, मेहनतीने लिहिलंय. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी न्यू जर्सीत राहतो. इथे ‘ॲबट विरुद्ध बर्क’ खटल्यात न्यायालयाने गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंतांच्या बरोबरीने पैसा द्यायला लावला. न्यूअर्कमध्ये अनेक वर्षं भरपूर पैसा गेला, तरी १९९५ मध्ये राज्याला तो डिस्ट्रिक्ट ताब्यात घ्यावा लागला. २०१० मध्ये झुकरबर्गने १० कोटी डॉलर जाहीर केले ते वेगळेच. करदाता म्हणून मी एवढंच विचारतो, की आधी पैसा द्यायचा आणि निकालाचं काही विचारायचंच नाही, तर सुपरिंटेंडंटवर दबाव कशाचा? माझ्या ऑफिसात, तुमच्या ऑफिसात काम झालं तर बोनस असतो. शाळांनाच का नको?

पारवा
धाग्याबद्दल धन्यवाद. वाचतेय.

चाफेकळी
नदीष्ट, दबाव कशाचा असतो ते मी रोज बघते. मी ह्यूस्टनच्या बाजूला एका एलिमेंटरी शाळेत मदतनीस शिक्षिका आहे. (शाळेचं नाव लिहीत नाही.)

आमच्या मीटिंगच्या खोलीत एक भिंत आहे, तिला ‘डेटा वॉल’ म्हणतात. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, पत्त्यांच्या पानाएवढं. त्यावर नाव, मागच्या स्टार परीक्षेचा स्कोअर आणि एक रंगीत ठिपका. (स्टार म्हणजे इथली राज्याची परीक्षा.) हिरवा म्हणजे पास होणार, पिवळा म्हणजे काठावर, लाल म्हणजे बराच खाली. जानेवारीनंतर सगळ्या जादा तासिका पिवळ्यांना. त्यांना ‘बबल किड्स’ असंच म्हणतात. दोन-तीन प्रश्न जास्त बरोबर आले की पिवळा हिरवा होतो आणि शाळेचा आकडा वर जातो. लाल ठिपक्याच्या मुलाने वर्षभरात दुप्पट प्रगती केली तरी तो रेषेखालीच राहतो, मग त्याच्यावर तास कोण घालवणार? (टेक्सासमध्ये प्रगतीलाही गुण आहेत, ते मला माहीत आहे. पण मीटिंगमध्ये बोट ठेवलं जातं ते रेषेवरच.)

गेल्या वर्षी एक ग्वातेमालाहून आलेला मुलगा होता. सप्टेंबरमध्ये त्याला इंग्रजी अक्षरं जुळवता येत नव्हती, मे महिन्यात तो मला बेडकांचं पुस्तक वाचून दाखवत होता, अडखळत, बोट ठेवून, पण अख्खं. त्याचं कार्ड वर्षभर लालच होतं. त्याच्याबरोबर बसायला मिळावं म्हणून मी माझा जेवणाचा वेळ वापरला, कारण वेळापत्रकात त्याच्यासाठी जागाच नव्हती.

कुणी वाईट नाही हो तिथे. शिक्षिका जीव तोडून काम करतात. पण आकड्यावर शाळेचं रेटिंग (राज्य ‘ए’ ते ‘एफ’ ग्रेड देतं), रेटिंगवर मुख्याध्यापिकेची नोकरी, मग सगळ्यांची नजर काठावरच्या मुलांकडेच जाणार.

रानजाई
चाफेकळी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हेच मला आकड्यांत सांगता येत नव्हतं.

नदीष्ट, ॲबटचं पूर्ण चित्र द्यायचं तर त्यात १९९८ च्या निकालाने आलेली बालवाडीही धरा. तीन-चार वर्षांच्या मुलांना चांगल्या दर्जाची बालवाडी दिली, आणि त्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षं अभ्यास झाले, त्यात फायदा टिकलेला दिसला. पैसा कुठे घातला यावर सगळं आहे. न्यूअर्कमध्ये तो कारभारात मुरला, बालवाडीत तो मुलांपर्यंत पोचला.

आकडेमोड
अर्थशास्त्र हा माझा कामाचा विषय आहे, म्हणून प्रत्यक्ष प्रयोग करून काय दिसलं ते लिहितो. या प्रश्नावर मतं भरपूर आहेत, पण नीट प्रयोगही झालेत.

न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये शाळाभर बोनस सुरू केला. गरीब वस्तीतल्या सुमारे २०० शाळा. शाळेने ठरवून दिलेलं लक्ष्य गाठलं तर युनियनच्या प्रत्येक सदस्यामागे ३,००० डॉलर, आणि ते कसे वाटायचे ते शाळेतल्याच समितीने ठरवायचं. तीन वर्षांत सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर वाटले. रँड संस्थेने अभ्यास केला: मुलांच्या मार्कांवर परिणाम शून्य. २०११ मध्ये योजना बंद झाली. हार्वर्डच्या रोलँड फ्रायरचा वेगळा अभ्यासही तेच सांगतो.

नॅशव्हिलमध्ये २००६ ते २००९, पाचवी ते आठवीच्या गणिताच्या शिक्षकांना वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत. रक्कम मोठी होती. तरी पाचवीतला थोडा फरक सोडला तर काही नाही, आणि तोही पुढच्या वर्षी उरला नाही.

पण आता नदीष्ट यांच्या बाजूचा पुरावा. आंध्र प्रदेशात २००५ पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण सरकारी शाळांत प्रयोग केला. १०० शाळांत प्रत्येक शिक्षकाला वैयक्तिक बोनस, १०० शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून, १०० शाळांना काही नाही. वर्गाची सरासरी ५ टक्क्यांहून जास्त सुधारली तर वरच्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये. दोन वर्षांनी बोनसच्या शाळा गणितात आणि भाषेत स्पष्टपणे पुढे होत्या. विज्ञान आणि समाजशास्त्रात तर बोनस नव्हता, तिथेही मुलं पुढे होती.

दोन्हीकडच्या निकालांत फरक का? आंध्रात शिक्षकांची गैरहजेरी हाच मोठा प्रश्न होता, त्यामुळे नुसतं नीट शिकवल्यानेही फरक पडणार होता. बोनस होता सुधारणेवर, पातळीवर नव्हे, म्हणजे कच्च्या मुलांच्या वर्गाला तोटा नव्हता. जो मुलगा परीक्षेला आलाच नाही त्याचाही हिशेब बोनसमध्ये विरोधात धरायचे, म्हणून कच्च्या मुलाला घरी ठेवून फायदा नव्हता. परीक्षा बाहेरच्या माणसांनी घेतली. आणि पैसे शिक्षकाच्या हातात होते, त्याला काय केलं की किती मिळतील ते कळत होतं. डिस्ट्रिक्टच्या खात्यात गेलेल्या बोनसमुळे चाफेकळींच्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंनी वेगळं काय करायचं, हे मला तरी सांगता येणार नाही.

नदीष्ट
धन्यवाद, हे उपयोगी आहे. म्हणजे बोनसचा आराखडा चुकीचा असतो, कल्पना चुकीची नाही, असंही म्हणता येईल. सुधारणेवर द्या, कुणालाही गाळू देऊ नका, परीक्षा बाहेरच्यांकडे द्या. एवढं केलं तर रानजाईंची काय हरकत?

सांजधून
हरकत काय ते एल पासोला विचारा. मी नऊ वर्षं तिथे होते.

तिथल्या डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटच्या, लॉरेन्झो गार्सिया यांच्या करारात परीक्षेच्या निकालावर बोनस होता. त्या वेळी केंद्राच्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यासाठी दहावीचे मार्क मोजले जायचे. मग मेक्सिकोहून नुकत्याच आलेल्या, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना दहावीत बसूच द्यायचं नाही, अशी पद्धत पडली. काहींना नववीतच अडकवलं, काहींचे क्रेडिट बदलून थेट अकरावीत ढकललं, काहींना तू येऊच नकोस असं सांगितलं गेलं. सीमेला लागून असलेल्या बॉवी हायस्कूलमध्ये नववीत असलेल्या मुलांपैकी पुढच्या वर्षी दहावीत निम्मीही दिसली नाहीत. गावात त्या मुलांना ‘लोस देसापारेसिदोस’ म्हणायचे, म्हणजे गायब केलेले. डिस्ट्रिक्टचे आकडे मात्र सुधारले आणि बोनसही मिळाले. २०१२ मध्ये गार्सियांनी गुन्हा कबूल केला आणि साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

सुपरिंटेंडंट तुरुंगात गेले, पण त्या मुलांची शाळेची वर्षं कुणी परत दिली नाहीत. आमच्या शेजारचा एक मुलगा त्यातलाच. घरी बसला, मग बापाबरोबर छपरं घालायच्या कामाला जायला लागला. हुशार होता. माझ्या मुलाची सायकल त्यानेच दुरुस्त करून दिली होती.

आकडेमोड
सांजधून म्हणतायत ते एकटं नाही. अटलांटा तर सर्वांत गाजलेलं. तिथल्या सुपरिंटेंडंट बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्कृष्ट सुपरिंटेंडंटचा मान मिळाला. लक्ष्य गाठलेल्या शाळांना बोनस होते, खुद्द हॉल यांनाही. २०११ च्या राज्य चौकशीत ४४ शाळांत १७८ शिक्षक-मुख्याध्यापक गैरप्रकारात आढळले. उत्तरपत्रिकांवर चुकीचं उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा एवढ्या प्रचंड होत्या की त्यावरूनच प्रकरण उघडकीला आलं. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. हॉल खटला उभा राहण्याआधीच कर्करोगाने गेल्या. यातली सर्वांत वाईट गोष्ट मला ही वाटते: ज्या मुलाचं उत्तर शिक्षकाने दुरुस्त केलं, त्याला वाचता येत नाही हे कागदावर कुठेच उरलं नाही, त्यामुळे त्याला मिळायला हवी ती मदतही मिळाली नाही.

मानसशास्त्रज्ञ डोनल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हेच मांडलं होतं. एखाद्या आकड्यावर जेवढे जास्त निर्णय टांगाल, तेवढा तो आकडा बिघडेल आणि जे मोजायचं होतं तेही बिघडेल.

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात केजकडे जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. अमेरिकेचं मला फार कळत नाही, पण निकालावर अनुदान ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये १८६२ साली ‘रिव्हाइज्ड कोड’ आला. इन्स्पेक्टर शाळेत यायचा, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणिताची परीक्षा घ्यायचा. पास झालेल्या प्रत्येक विषयाला २ शिलिंग ८ पेन्स. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळा इन्स्पेक्टर होते, त्यांनी याला कडाडून विरोध केला; मुलं पुस्तक पाठ म्हणून दाखवतात, अर्थ कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तरी ही पद्धत पुढे तीसेक वर्षं चालली आणि तिचीच सावली मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदानाच्या रूपाने आली.

आणि हे बघा. १८८२ च्या हंटर कमिशनला महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी या पद्धतीवर थेट लिहिलं आहे. गरीब, अशिक्षित लोकांत जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पैसे देण्याची पद्धत अजिबात योग्य नाही; अशा लोकांत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कुठला शिक्षक पुढे येणार नाही, कारण त्याचं पोटच भरणार नाही; तिथे सरकारी शाळा आणि खास सवलतीच हव्यात, असं त्यांचं म्हणणं. रानजाईताई जे सांगतायत तेच पुण्याहून १८८२ साली सांगून झालं आहे.

माझ्या केंद्रातलं सांगतो. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर पत्रे, भांडी, शेळी आणि वर पोरं. पाचवीतलं पोरगं जातं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात परत. आम्ही हंगामी वसतिगृह चालवायचो, म्हणजे पोराला आजीजवळ ठेवायचं आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या देखरेखीखाली. त्यासाठी नोव्हेंबरात दारोदार फिरावं लागायचं, उचल घेतलेल्या बापाला समजवावं लागायचं. एक गुरुजी पहाटे चारला ट्रॅक्टरसमोर उभे राहून पोरगी उतरवून घ्यायचे. आता विचार करा, त्या शाळेचं अनुदान जर निकालावर असतं, तर त्या गुरुजींना ती पोरगी उतरवून घेणं परवडलं असतं का? ती चार महिने शाळेत राहूनही परीक्षेत बेतास बातच असायची. पटावरून नाव कमी करणं सोपं होतं.

मुकादम टोळी घेऊन जातो तेव्हा त्याला आधी उचल द्यावी लागते. ऊस तोडून झाल्यावर बघू, म्हटलं तर कुणी गाडीत बसत नाही. शाळेचंही तसंच आहे.

पारवा
मांजराकाठ सर, नमस्कार. पहाटेच्या ट्रॅक्टरचं वाचून अंगावर काटा आला.

मध्यंतरी ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’मध्ये राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला ५१ लाख होते. ते यात बसतं का?

मांजराकाठ
पारवाताई, त्यात नुसते मार्क नव्हते. स्वच्छता, परसबाग, विद्यार्थ्यांचा सहभाग, पायाभूत सोयी असं बरंच होतं. उपक्रमामुळे शाळा हलल्या, गावं पुढे आली, हे मी पाहिलंय. पण ज्या शाळेला वर्गखोली गळकी आणि दोन शिक्षकांवर पाच इयत्ता, ती स्पर्धेचा फॉर्म कधी भरणार? बक्षीस आनंदाने द्या, पण गळकं छप्पर बक्षिसाच्या पैशाची वाट बघत बसू नये.

दख्खनराणी
केंद्राच्या ‘स्टार्स’ प्रकल्पाचंही बघा. २०२० मध्ये मंजूर झाला, जागतिक बँकेचं ५० कोटी डॉलर कर्ज, आणि सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात ठरलेली उद्दिष्टं गाठली की पैसे सुटायचे. म्हणजे निकालावर पैसे हा विचार राज्याच्या पातळीवरही आला. फक्त तिथे उद्दिष्टांत यंत्रणेची कामंही होती, नुसते मुलांचे मार्क नव्हते. माझ्या मते हा फरक महत्त्वाचा आहे.

नदीष्ट
सर्वांचं वाचलं. तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. एल पासो, अटलांटा ही गुन्ह्याची उदाहरणं झाली. गुन्हेगारी होते म्हणून बोनस नको, तर मग जबाबदारी कशी आणायची? जो डिस्ट्रिक्ट वर्षानुवर्षं मुलांना वाचायला शिकवत नाही, त्याला काय म्हणायचं? तिथली मुलंही गरिबांचीच आहेत.

रानजाई
रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या घराजवळच आहे.

डॅलस शहराच्या डिस्ट्रिक्टने २०१५ मध्ये ‘एस’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. सर्वांत मागे पडलेल्या काही शाळा निवडल्या. ज्या शिक्षकांचं काम आधीच उत्तम ठरलं होतं, त्यांना सांगितलं: या शाळेत जा, वर्षाला साधारण १०,००० डॉलर जास्त देतो. मुख्याध्यापकही बदलले, शाळेचा दिवस लांबवला. मुलांचे मार्क भराभर वाढले, शहराच्या सरासरीच्या जवळ आले. अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. हनुशेक म्हणजे नुसता पैसा ओतून काही होत नाही असं आयुष्यभर सांगणारे, नदीष्ट, तुमच्याच बाजूचे.

पुढे काय झालं ते ऐका. शाळा सुधारल्या, म्हणजे त्या आता ‘मागे’ राहिल्या नाहीत, म्हणून जादा पगार काढून घेतला. चांगले शिक्षक निघून गेले आणि मार्क पुन्हा घसरले.

यात जबाबदारी आहे की. शिक्षकाचं काम मोजलं, चांगल्यालाच निवडलं. पण पैसा दिला तो अवघड जागी जाण्यासाठी, आणि जाण्याच्या वेळीच. ‘हाऊस बिल ३’मध्येच याची दुसरी अर्धी बाजू आहे, ‘टीचर इन्सेंटिव्ह अलॉटमेंट’, म्हणजे उत्तम ठरलेल्या शिक्षकामागे राज्याचे पैसे. मूळ कायद्यात पहिल्या पायरीच्या शिक्षकामागे ३,००० पासून, आणि वरच्या पायरीचा शिक्षक गरीब किंवा ग्रामीण शाळेत असेल तर ३२,००० डॉलरपर्यंत. त्यातले ९० टक्के त्याच शाळेच्या पगारांवरच खर्च करायचे. त्याच शिक्षकाला आमच्या भागातल्या शाळेत कमी मिळतात आणि गरीब शाळेत जास्त. या योजनेत मार्क मोजण्याचे प्रश्न आहेतच, पण पैशाची दिशा बरोबर आहे.

म्हणून नदीष्ट, सुधारणेवर मोजा, जरूर मोजा. जिथे सुधारणा नाही तिथे माणसं पाठवा, मुख्याध्यापक बदला. फक्त तिथल्या मुलांचा पैसा मात्र कापू नका.

चाफेकळी
आणि मोजण्याची रेषा मध्येच हलवू नका! २०२३ मध्ये राज्याने सीसीएमआरमध्ये ‘ए’ ग्रेडसाठी लागणारी टक्केवारी ६० वरून थेट ८८ केली, आणि तीही आधीच बाहेर पडलेल्या बॅचला लावून. डिस्ट्रिक्ट कोर्टात गेले, रेटिंग अडकलं, ते शेवटी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालं. मुलं तीच, शिक्षक तेच, ग्रेड मात्र खाली. ज्या आकड्याची रेषा राजधानी ऑस्टिनमधल्या ऑफिसात अशी हलते, त्यावर कुणाचा पगार ठरावा?

दख्खनराणी
सीसीएमआरमध्ये धरल्या जाणाऱ्या करिअरच्या प्रमाणपत्रांचंही तसंच झालं ना. आकडा वाढवायला सोपी प्रमाणपत्रं मिळवून द्यायची, ज्यांना बाजारात कुणी विचारत नाही. मग राज्याने त्यातली काही टप्प्याटप्प्याने यादीतून काढायला घेतली. माझ्या भाचीकडे असंच एक आहे. ती आता एका दुकानात काउंटरवर आहे आणि त्या प्रमाणपत्राबद्दल तिला मुलाखतीत कुणी विचारलंही नाही.

निळावंती
थोडा वेगळा मुद्दा. आम्ही पुढच्या वर्षी डॅलसला येतोय आणि घर शोधताना सगळे ‘डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघा’ एवढंच सांगतायत. हा धागा वाचून गोंधळ झालाय. रेटिंग बघायचंच नाही का?

रानजाई
निळावंती, बघा, पण त्यातून काय कळतं ते समजून. ‘ए’ डिस्ट्रिक्टचा आकडा बऱ्याच अंशी तिथे राहणारी माणसं कोण आहेत ते सांगतो. आम्ही सगळे रेटिंग बघून घर घेतो, घराचे भाव चढतात, कमी पगाराच्या माणसाला तिथे राहणं परवडत नाही, मग रेटिंग आणखी वर जातं. या चक्रात आपणही आहोत. म्हणून शाळेत जाऊन बघा: शिक्षक किती वर्षं टिकतात, एका वर्गात किती मुलं, इंग्रजी नसलेल्या मुलाला कोण शिकवतं. राज्याच्या रिपोर्ट कार्डमध्ये प्रगतीचा वेगळा आकडा असतो, तोही पाहा.

आता मुद्द्याचं. या महिन्याच्या बोर्ड मीटिंगमध्ये मी बोलायला नाव देतेय. दर वक्त्याला तीन मिनिटं असतात. मी हे विचारणार आहे:

आउटकम्स बोनसचे किती पैसे आले आणि ते नेमके कुठल्या शाळांत गेले? कायद्याने त्यातले किमान ५५ टक्के आठवी ते बारावीच्या मुलांच्या सीसीएमआरसाठी खर्च करायचे असतात. पण आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या ज्या दोन हायस्कूलमध्ये गरीब मुलं जास्त आहेत, त्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं? आणि बोर्ड राज्याकडे बेसिक अलॉटमेंट वाढवून मागणार आहे की बोनस?

सुचवण्या असतील तर लिहा.

आकडेमोड
पहिल्या प्रश्नात शाळानिहाय आकडा मागताना ‘तयार’ ठरलेल्या गरीब मुलांची संख्याही वेगळी मागा, आणि त्याच बॅचमधली नववीत दाखल झालेली किती होती तेही. बारावी झालेल्यांचीच टक्केवारी दिली तर मधे गळालेली मुलं हिशेबात येत नाहीत. सांजधून यांनी सांगितलेली मुलं अशाच आकड्यांतून गायब झाली होती.

रानजाई
बरोबर. नववीपासूनचाच आकडा मागते. उत्तर लेखी द्या असंही म्हणते.

नदीष्ट
मीटिंगमध्ये काय उत्तर मिळतं ते इथेच टाका. बोनसबद्दल आपलं पूर्ण जुळणार नाही, पण नववीपासूनचा आकडा मलाही हवाय. आमच्या बोर्डालाही हाच प्रश्न मेलने पाठवतोय.